मोटारसायकलचे ब्रेक पॅड बदलणं आणि डिस्क तपासणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गाड्यांचे ब्रेक कंपनीच्या पुस्तकातल्या हिशेबाने झिजत नाहीत. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, आणि वर सातपुड्याचे नाहीतर अजिंठा रांगेचे घाट. खालची उत्तरं हे धरून दिली आहेत. आकडे साधारण सव्वाशे ते साडेतीनशे सीसीच्या, एकाच बाजूला पिस्टन असलेल्या कॅलिपरच्या गाड्यांचे आहेत. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर बसलेला, पॅड तिच्यावर दाबणारा चिमटा; पिस्टन म्हणजे ऑईलच्या दाबाने पॅड ढकलणारा त्यातला दट्ट्या. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा.

पॅड संपत आलेत हे चाक न काढता कसं ओळखायचं?

मोबाइलचा टॉर्च लावून कॅलिपरच्या खालून किंवा मागून आत बघा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड दिसेल. प्रत्येक पॅडचे दोन थर असतात: लोखंडी पाठ आणि तिच्यावर चिकटवलेलं घासणारं मटेरियल. मोजायचं ते फक्त मटेरियल. पाठीसकट मोजून "अजून पाच मिमी आहे की" म्हणणारे बरेच असतात, आणि त्यांचीच डिस्क पुढे खरवडून निघते.

नव्या पॅडचं मटेरियल साधारण ४ ते ५ मिमी असतं. २ मिमी उरलं की नवा सेट आणून ठेवा, १.५ मिमीला बदला, १ मिमीच्या खाली गाडी चालवू नका. बऱ्याच पॅडवर खाच पाडलेली असते. ती दिसेनाशी झाली की पॅड संपला.

दुसरी खूण हँडलवर असते. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा भरायला वरच्या डबीतलं ब्रेक ऑईल खाली उतरतं. म्हणून काचेतली पातळी खाली गेलेली दिसली की आधी पॅड बघा. पॅड न बघता वरून ऑईल भरलं, तर नवे पॅड टाकताना पिस्टन आत दाबल्यावर तेच ऑईल डबीतून टाकीवर सांडतं आणि रंग उचलतं.

एक पॅड पूर्ण संपलाय, दुसरा निम्मा शिल्लक आहे. संपलेला तेवढाच बदलला तर?

नाही. पॅड जोडीनेच बदलायचे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे असं एकतर्फी झिजणं हा पॅडचा दोषच नाही, आजार कॅलिपरमध्ये आहे. तो न काढता नवे पॅड टाकले तर तेही असेच जातील, आणि दोष दुकानदाराच्या मालावर येईल.

या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. पिनांवरचं ग्रीस वाळलं, रबराची टोपी फाटून आत माती गेली, की कॅलिपर सरकत नाही. मग पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच राबतो आणि संपतो. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर बहुधा दोनपैकी एक पिन अडकलेली असते.

दोन्ही पॅड सारखेच, पण फार लवकर संपत असतील आणि चाक हाताने फिरवल्यावर जड जात असेल, तर पिस्टन मागे येत नाही. पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. चौकोनी कापाचं रबरी सील दाबाखाली किंचित पिळतं आणि लिव्हर सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. सगळा खेळ त्या केसभराचा आहे. सील कडक झालं किंवा पिस्टनवर गंज बसला की तो केसही उरत नाही.

दुकानात तीन-चार प्रकारचे पॅड दाखवतात. कोणता घ्यावा?

कंपनीने त्या गाडीला जो दिलाय तोच, पार्ट नंबर जुळवून. साधा ऑरगॅनिक पॅड डिस्कला मऊ असतो, आवाज कमी करतो, पण घाटात लवकर तापतो. सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून केलेला पॅड चिखलात आणि उष्णतेत टिकतो, पण त्यासाठी न बनवलेली डिस्क तो खातो. पॅडची जोडी शेकड्यांत येते, डिस्क हजारांत. त्यामुळे रोजच्या रावेर-सावदा फेऱ्यांसाठी सिंटर्ड बसवण्यात शहाणपण नाही.

स्वस्तातला माल हातात घेतला की पाठ आणि मटेरियल यांच्यामधली रेघ बघा. तिथे फट, बुडबुडा किंवा गंज दिसला तर परत करा. मटेरियल पाठीपासून सुटून पडणं ही डुप्लिकेट पॅडची सगळ्यात वाईट सवय आहे, आणि ते चालत्या गाडीत सुटतं.

घरी बदलायला काय काय लागतं?

१२ आणि १४ नंबरचे पाने, ५ मिमी एलन की, २ नंबरचा चारपाती स्क्रू ड्रायव्हर आणि एक चपटा, ब्रेक क्लीनरचा डबा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, १२० नंबरचा पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, स्वच्छ फडकी, सीलबंद डॉट ४ ब्रेक ऑईलची लहान बाटली. टॉर्क पाना (बोल्ट मोजून कसणारा) असेल तर उत्तम.

बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. त्याने पिनांचं रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन आधीपेक्षा घट्ट बसते. पेट्रोल, डिझेल, रॉकेलही कॅलिपरच्या रबराला लावायचं नाही. ब्रेक क्लीनर नसेल तर साबणाचं पाणी लावा आणि नीट वाळवा.

पुढचे पॅड बदलण्याची पद्धत काय?

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्या. आधी कॅलिपर बाहेरून पाणी मारून धुवा आणि वाळवा, म्हणजे उघडल्यावर माती आत पडणार नाही. पॅडची भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. ती श्वासात जाण्यासारखी नाही. ओल्या फडक्याने टिपा.

हँडल असं वळवा की ऑईलची डबी सपाट राहील. टाकीवर ओलं फडकं टाका. झाकणाचे स्क्रू नेहमी जाम असतात, आणि डोकं घासलं की तासभराचं काम वाढतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर नीट बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचा एक हलका ठोका द्या, मगच फिरवा. झाकण नुसतं सैल करून तसंच ठेवा.

पॅडची पिन (पॅड जागेवर धरणारी) कॅलिपर शॉकअपला बसलेला असतानाच सैल करा. कॅलिपर सुटल्यावर तो एका हातात धरून ५ मिमीची एलन फिरवायला गेलात तर की घसरते. काही गाड्यांवर या पिनेवर छोटी झाकणी असते, ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून सरकवा. तो पाइपला लोंबकळत ठेवू नका, तारेने हँडलला किंवा शॉकअपला बांधा. या क्षणापासून लिव्हरला कोणी हात लावणार नाही असं बघा. घरात लहान मूल असेल तर लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. पिस्टन बाहेर पडला तर पॅडचं काम सील बदलण्यावर जातं.

जुने पॅड काढताना कोणता आतला, कोणता बाहेरचा आणि पत्र्याची स्प्रिंग कुठल्या दिशेला होती याचा फोटो काढून ठेवा. पॅड काढून झाल्यावर खरं काम सुरू होतं. पिस्टनचा बाहेर आलेला भाग टूथब्रश आणि क्लीनरने चकचकीत करा. त्यावरची माती तशीच ठेवून पिस्टन आत दाबलात तर ती सीलवरून घासत जाते. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू आत दाबा आणि डबीकडे लक्ष ठेवा. ऑईल काठाला आलं तर ड्रॉपरने काढा. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

दोन्ही सरकत्या पिना बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, वाटाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस लावा. काही कॅलिपरमध्ये एका पिनेवर रबराची बाही असते, म्हणून जागा बदलू नका. पिना घातल्यावर कॅलिपरची कडी (कॅलिपर ज्यावर सरकतो तो भाग) दोन बोटांनी मागेपुढे सरकली पाहिजे. जोर लावावा लागला तर अजून साफ करा.

नवे पॅड, स्प्रिंग, पिन बसवा. कॅलिपर डिस्कवर चढवा. बोल्ट घट्ट करण्याचा जोर साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, पॅडच्या पिनेचा १८ च्या आसपास. शेवटी डबीचं झाकण लावा आणि लिव्हर कडक होईपर्यंत हळूहळू दाबत राहा. दहा-पंधरा वेळा लागतील. हे विसरून गाडी गल्लीत काढली, तर पहिल्या दाबाला लिव्हर सरळ ग्रिपला टेकतो आणि समोरची भिंत येते. डबीतली पातळी आता वरच्या रेघेपाशी असायला हवी.

पिस्टन हाताने आत जातच नाही. काय करावं?

झाकण खरंच सैल आहे ना ते आधी बघा. असेल, तर सुताराची जी-क्लॅम्प लावून, मध्ये जुना पॅड ठेवून, सरळ दाबा. स्क्रू ड्रायव्हर घालून तिरका रेटा दिला तर पिस्टन वाकडा अडकतो. क्लॅम्पनेही हलत नसेल तर पिस्टन गंजलाय. मग कॅलिपर उघडून सील कीट टाकायला हवं, आणि हे काम मेकॅनिककडेच द्या.

पॅड बदलल्यावर लिव्हर मऊ लागतो. हवा शिरली का?

नुसते पॅड बदलताना पाइप उघडलेला नसतो, त्यामुळे हवा शिरण्याचं कारण नाही. आधी आणखी वीस वेळा लिव्हर दाबा. तरी मऊच असेल तर डबी मध्ये रिकामी झाली होती, किंवा ऑईल आधीपासूनच खराब होतं.

हवा काढायला कॅलिपरच्या निपलवर (हवा-ऑईल बाहेर सोडणारा छोटा बोल्ट) आधी ८ नंबरचा पाना लावा (काही गाड्यांना १०), मग पारदर्शक नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम उलटला की हवा आत ओढली जाते. दर सात-आठ दाबांना डबी बघा. निपल पोकळ असतो, शेवटी हलक्या हातानेच कसा. उरलेला बारीक बुडबुडा काढायला लिव्हर रात्रभर रबराने ग्रिपला बांधून ठेवतात. जुना उपाय आहे, पण चालतो.

"नवीन पॅड टाकले तरी ब्रेक काबर लागत नही भो?"

कारण नवा पॅड आणि जुनी डिस्क अजून एकमेकांना बसलेले नाहीत. डिस्कवर बारीक चऱ्या असतात, नवा पॅड सपाट असतो, आणि सुरुवातीला तो चऱ्यांच्या फक्त शेंड्यांना टेकतो. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, अर्धा किलोमीटर थंड होऊ द्या, पुन्हा करा. असं पंचवीस-तीस वेळा. गाडी पूर्ण थांबवून, गरम डिस्कवर लिव्हर दाबून उभं राहू नका; पॅडचा थर त्या एकाच जागी डिस्कला चिकटतो. पहिले दोनशे-तीनशे किमी पुढच्या ट्रॅक्टरपासून जास्त अंतर ठेवा.

डिस्क बदलायची वेळ आली हे कसं ठरवायचं?

किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मधल्या भागावर, बोल्टांच्या जवळ, "मिन टीएच" असं इंग्रजी अक्षरांत आणि पुढे आकडा. मातीखाली तो दिसत नाही, घासून बघा. नवी ४ मिमी असेल तर मर्यादा सहसा ३.५, नवी ५ असेल तर ४.५. म्हणजे सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि तो डोळ्यांनी कळत नाही.

व्हर्नियर सरळ लावलात तर फसाल. पॅड डिस्कच्या काठापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उभी राहते आणि व्हर्नियरचे जबडे त्या धारेवरच टेकतात. मायक्रोमीटर नसेल तर दोन सारखी नाणी घ्या. ती एकावर एक ठेवून मोजा, समजा ३.२ मिमी आली. मग डिस्कच्या दोन्ही बाजूंना, पॅड घासतो त्या पट्ट्यावर एकेक नाणं धरून तिन्ही मिळून मोजा. ६.८ आलं, तर डिस्क ३.६ मिमी. असं गोलाकार सहा ते आठ ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा.

जाडी पुरेशी असली तरी या गोष्टी बघा. नख आडवं फिरवल्यावर ठळक अडकेल अशी चरी. भोकांमधून निघालेली तडा. ती केसाएवढी असली तरी डिस्क बाद. निळसर-जांभळे डाग म्हणजे डिस्क कधीतरी फार तापली होती. ती वाकलेली आहे का ते तपासायलाच हवं.

वाकलेली डिस्क घरी ओळखता येते?

आधी चाकाचं बेअरिंग बघा. चाक वर-खाली धरून हलवा. डगडगत असेल तर डिस्क मोजण्यात अर्थ नाही. बेअरिंग ठीक असेल तर कॅलिपरच्या कडीला केबल टाय बांधा आणि त्याचं टोक कापून डिस्कला जेमतेम टेकेल असं ठेवा. चाक हळू फिरवा. एका जागी टोक घासतं आणि दुसरीकडे फट पडते, ती फट फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बहुतेक गाड्यांना ०.३ मिमीपर्यंत चालतं. मेकॅनिककडे डायल गेज असेल तर आकडा पक्का मिळतो.

ब्रेक दाबला की लिव्हर बोटाला धकधक धक्के देतो. एबीएस आहे म्हणून का?

एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिचे धक्के फक्त चाक घसरायला लागल्यावर, म्हणजे खडीवर किंवा जोरात दाबल्यावर येतात. कोरड्या डांबरावर साध्या दाबाला, वेगाबरोबर कमी-जास्त होणारे धक्के येत असतील तर डिस्क वाकलीय, किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी नाही, किंवा पॅडचा थर एका जागी चिकटलाय. शेवटचं असेल तर पॉलिश पेपरने डिस्क गोल गोल घासून आणि पॅड पुन्हा बसवून सुटतं. पहिल्या दोन्हींवर नवी डिस्क हाच इलाज.

लेथवर डिस्क पॉलिश करून चालेल का?

नाही. सोडायला मुळात अर्धा मिमी आहे. लेथवाला ०.३ घेऊन गेला तर उरलं काय?

तोरणमाळहून उतरताना लिव्हर अचानक ग्रिपला टेकला. पॅड तर नवे आहेत.

ऑईल उकळलं. डॉट ४ ऑईल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा पितं, आणि पाणी ३.७ टक्के झालं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन ऑईल उकळवत नाही. दोन पावसाळे प्यालेला ओलावा आणि घाटात सतत दाबून धरलेला ब्रेक मिळून ते करतात. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दबते, पॅडपर्यंत जोर पोहोचत नाही.

लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, हा वेगळा प्रकार. तिथे ऑईल ठीक असतं, पॅड तापून गुळगुळीत झालेला असतो.

दोन्हींत गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या. डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. तोरणमाळ, चांदसैली, कन्नडचा औट्रम घाट, कुठेही उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक दाबून-सोडून वापरा. ऑईल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑईल आहे, ते यात मिसळायचं नाही. आकडा मोठा म्हणून चांगलं असं नसतं.

गाडी धुऊन आणली आणि ब्रेकच गेला.

वॉशिंगवाल्याने इंजिनवर आणि चेनवर डिझेल किंवा ऑईलचा फवारा मारला, तो डिस्कवर उडाला. "डिस्कवर मारू नको" हे आधीच सांगायचं. डिस्क क्लीनरने पुसली की साफ होते, पण पॅड ऑईल पितो. हलका शिंतोडा असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून वरचा थर घासून बघा. पॅड मुरला असेल तर टाकून द्या, तो तापवून किंवा धुऊन परत येत नाही.

पॅडला पुन्हा पुन्हा ऑईल लागत असेल तर वर बघा. पुढच्या शॉकअपचं सील काळ्या मातीच्या धुळीने कापलं जातं आणि तिथलं ऑईल ओघळत थेट कॅलिपरवर येतं. आधी ते सील, मग पॅड.

मागचे पॅड पुढच्यांच्या आधी का संपतात?

पाय. पेडलवर बूट टेकवून चालवण्याची सवय असते, ब्रेक कायम किंचित घासत राहतो. त्यात मागच्या चाकावर चेनचं ऑईल आणि चिखल, आणि कॅरिअरवर दुधाचे कॅन नाहीतर केळीचे घड. पेडलला पुस्तकात दिलेला मोकळा खेळ आहे का तपासा.

करकर, चुंई असा आवाज येतो.

चुंई आवाज बहुतेक वेळा पत्र्याची स्प्रिंग न बसवल्याने किंवा पॅड गुळगुळीत झाल्याने येतो. खरखर, आणि तीही लिव्हरला जाणवणारी, म्हणजे लोखंड लोखंडाला लागलंय. तिथून गाडी ढकलत न्या.

पावसाळ्यात सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसतो.

दोन ब्रेकमध्ये जातो. काळजी करायची ती कॅलिपरमध्ये वाळलेल्या चिखलाची. शेतातून आल्यावर बादलीने पाणी मारा. प्रेशरचा फवारा पिनांच्या रबरी टोप्यांवर धरू नका.

एबीएस किंवा सीबीएस असलेल्या गाडीत काही वेगळं?

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सोय) सक्तीचं झालं, त्यामुळे बहुतेक नव्या गाड्यांत दोन्हींपैकी एक असतंच. पॅड बदलण्याची पद्धत तीच. एबीएसच्या सेन्सरची वायर कॅलिपरजवळून जाते, ती ताणू नका, आणि दातेरी रिंग चिखल काढून स्वच्छ ठेवा. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबल्यावर पुढचाही लागतो का, हे चाक उचलून तपासा.

नवी डिस्क बसवताना काय सांभाळायचं?

बोल्ट नवे घ्या, त्यांवर लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा, आणि समोरासमोरचे आळीपाळीने कसा. डिस्कवर गंज लागू नये म्हणून लावलेला तेलकट थर क्लीनरने दोन फडक्यांत काढा. पहिलं फडकं काळं निघतं, दुसरं स्वच्छ निघेपर्यंत पुसा. बाहेर काढलेलं चाक डिस्कवर आडवं टाकू नका. आणि जुने पॅड नव्या डिस्कवर बसवू नका, त्यांच्या चऱ्या तिच्यावर उमटतात.

किती किलोमीटरला बघावं?

उन्हाळ्यात दर ५,००० किमीला पॅड आणि ऑईलची पातळी. पावसाळा संपल्यावर, कापूस वेचणीच्या आधी, एकदा पिना काढून ग्रीस.